न पाठवलेली नोटीस

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत ठाण्यातल्या कोर्ट नाक्याजवळच्या माझ्या कार्यालयात एक निवृत्त बँक अधिकारी छापील कागदांचा गठ्ठा घेऊन आले आणि एका तरुण स्त्रीला मानहानीची नोटीस पाठवायची आहे, असे म्हणाले. दोघेही ठाणे खाडीवरच्या हौशी पक्षिनिरीक्षकांच्या एका व्हॉट्सअॅप गटात होते आणि गठ्ठ्यात त्या गटातल्या चार दिवसांच्या वादाचे संदेश होते. पुढे जे घडले ते मी दोघांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून लिहीत आहे.

वकिलीच्या चोवीस वर्षांत मी भावाभावांची, भागीदारांची आणि सोसायटीच्या सभासदांची भांडणे पुष्कळ पाहिली आहेत, पण त्या सगळ्यांच्या तळाशी पैसा किंवा जागा असे. इथे तसे काहीच नव्हते. तळाशी होते चिखलात उभे असलेले सहा पक्षी. त्या स्त्रीने ओहोटीच्या वेळी ऐरोलीच्या बाजूने काढलेले छायाचित्र गटात टाकले होते आणि पुढच्या सहा पक्ष्यांची नोंद ‘मोठा रोहित’ अशी केली होती. आपल्या खाडीत येणाऱ्या रोहित पक्ष्यांत, म्हणजे फ्लेमिंगोंमध्ये, लहान जातीची संख्या फार मोठी असते आणि मोठी जात त्या मानाने थोडी दिसते, त्यामुळे त्या नोंदीवर शंका येणे स्वाभाविक होते. माझ्या अशिलांनी ती शंका नीट मांडली होती. मोकळ्या चिखलावर उंचीचा अंदाज घ्यायला शेजारी काहीच नसते आणि वयात न आलेले पक्षी दोन्ही जातींत करडे-तपकिरी असल्यामुळे रंगावर विसंबता येत नाही, असे त्यांनी लिहिले होते. त्यावर तिचे उत्तर एका ओळीचे होते : “काका, चोच पाहा.” लहान रोहिताची चोच गडद किरमिजी असते, लांबून ती काळीच भासते, मोठ्याची गुलाबी आणि फक्त टोकाला काळी असते. म्हणजे प्रश्न नेमका होता आणि त्याचे उत्तर छायाचित्रातच होते.

अशिलांनी चोचीबद्दल काहीच लिहिले नाही. त्यांनी तिच्या आदल्या संदेशातल्या ‘पक्षीनिरीक्षक’ या शब्दाकडे बोट दाखवले आणि ‘पक्षि’ ऱ्हस्व लिहावे असे कळवले.

व्याकरणाच्या बाजूने ते बरोबर होते. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा नियम आणि १९७२ मध्ये त्यांत पडलेली चार नियमांची भर आजही प्रमाण मानली जाते. त्यांनुसार ‘पक्षी’ एकटा असताना दीर्घ, पण समासात पहिल्या पदी आला की ऱ्हस्व होतो. ‘पक्षिमित्र’ तसा ‘पक्षिनिरीक्षक’. पण तिने चोचीबद्दल विचारले होते आणि उत्तर वेलांटीबद्दल आले. हा गठ्ठा वाचायला मी तीन रंगांच्या पेन्सिली घेतल्या होत्या : पक्ष्यांविषयीच्या वाक्यांना हिरवी, भाषेविषयीच्या वाक्यांना निळी आणि माणसांविषयीच्या वाक्यांना लाल. पहिले नऊ संदेश पूर्ण हिरवे होते. दहाव्यापासून निळा रंग सुरू झाला आणि हिरवा पुन्हा कुठेही आला नाही.

निळ्या पानांत इतरही बरेच जण उतरले होते. तिने घाईत ‘पक्षांची संख्या’ लिहिले होते, तेव्हा एकाने विचारले की कोणत्या पक्षांची, निवडणुका तर नोव्हेंबरातच झाल्या. ‘पक्ष्यांची’ आणि ‘पक्षांची’ यांत फरक आहे हे खरेच. दुसऱ्याने ‘थवा’ हा शब्द फक्त उडणाऱ्या पक्ष्यांना लावावा, चिखलात उभ्या असलेल्यांना लावू नये, असा मुद्दा काढला आणि त्यावर सतरा संदेश खर्ची पडले. एकेक दुरुस्ती सुटी वाचली तर निरुपद्रवी वाटते. पण मी त्या सलग वाचल्या आणि जाणवले की प्रत्येक दुरुस्ती एकाच व्यक्तीची होत होती. मराठीवर प्रेम असलेली माणसे असे का वागतात, याचा मी त्या रात्री खूप विचार केला. शुद्धलेखनाचा मला स्वतःला आग्रह आहे आणि मी माझ्या हाताखालच्या मुलांचे मसुदे दुरुस्त करते. पण जो मजकूर आपल्याला खोडता येत नाही त्याची वेलांटी खोडणे हा भाषेचा कैवार नव्हे.

तिसऱ्या दिवशी तिने लिहिले : “काका, ‘पक्षि’मधला ऱ्हस्व तुम्हाला लगेच दिसतो, कारण तुमची दृष्टीच आता ऱ्हस्व झाली आहे.” त्याखाली एकोणतीस जणांनी हसरे चेहरे उमटवले होते. अशिलांनी ते मोजून त्या पानाच्या समासात आकडा लिहिला होता.

कोटी म्हणून ती चांगलीच होती. पण कोटीने केलेल्या अपमानात एक विशेष अडचण असते. “तुम्हाला दिसत नाही” असे सरळ म्हटले तर माणूस त्याला उत्तर देऊ शकतो. श्लेषात मात्र बोलणारा दोन अर्थांच्या मध्ये उभा असतो. एका अर्थाबद्दल जाब विचारला की तो दुसऱ्या अर्थाच्या बाजूला सरकतो आणि जाब विचारणाराच विनोद न कळणारा ठरतो. कायद्याने ही पळवाट पूर्वीच ओळखली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ चे तिसरे स्पष्टीकरण सांगते की उपरोधाने केलेला आरोपही मानहानी ठरू शकतो. जुन्या दंड संहितेच्या कलम ४९९ मध्येही हेच होते.

मी अशिलांना विचारले की ही कोटी त्यांना इतकी का लागली. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मला काचबिंदू आहे, वकीलबाई. कडेचे दिसत नाही. गटात कोणाला ठाऊक नाही आणि नोटिशीतही ते येता कामा नये.” काचबिंदूत गेलेली नजर परत मिळत नाही, औषधाने फक्त उरलेली जपता येते. तीस वर्षे दुर्बीण डोळ्याला लावणाऱ्या माणसाने चोचीचा प्रश्न सोडून वेलांटी का धरली, हे मला त्या क्षणी समजले. छायाचित्रातली चोच त्यांना दिसलीच नव्हती.

नोटिशीचा मसुदा मी तयार केला, पण पाठवण्यापूर्वी त्या स्त्रीशी बोलण्याची परवानगी मागितली. गटाच्या अॅडमिनलाही प्रतिवादी करावे असा अशिलांचा आग्रह होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये दिलेल्या निकालानुसार समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसत नसेल तर सदस्याच्या संदेशासाठी अॅडमिनला जबाबदार धरता येत नाही, हे सांगितल्यावर त्यांनी तो सोडला.

शनिवारी दुपारी ती आली. तीसेक वर्षांची, नोकरी सांभाळून पक्षी मोजणारी. तिनेही त्याच वादाची पाने छापून आणली होती. तिच्या गठ्ठ्यात माझ्याकडच्यापेक्षा दोन पाने जास्त होती. अशील शेजारीच बसले होते, त्यामुळे ती पाने मी त्यांच्यासमोरच वाचली. कोटीनंतर तासाभराने त्यांनी लिहिले होते : “कोळीवाड्यातल्या भाषेत पक्षी मोजता येत असतील, पण लिहिता येत नाहीत. आधी घरचे वळण सोडा, मग आमच्यात बसा.” ती ऐरोलीजवळच्या कोळीवाड्यातली होती. खाडीतले पक्षी ती वडिलांच्या होडीतून लहानपणापासून पाहत आली होती.

मी तिला बाहेर बसायला सांगितले आणि दार लावून घेतले. पक्षकाराने पाने दडवणे वकिलाला नवे नाही, तरीही मला राग आला होता. मी त्यांना त्याच कलमाचे चौथे स्पष्टीकरण वाचून दाखवले. इतरांच्या नजरेत एखाद्याची नैतिक किंवा बौद्धिक योग्यता कमी करणारे, अथवा त्याच्या जातीच्या किंवा व्यवसायाच्या संदर्भात त्याला हिणवणारे विधान म्हणजे प्रतिष्ठेला हानी, असा त्याचा आशय आहे. मी म्हणाले, “तिचे वाक्य या कलमात बसवायला मला युक्तिवाद करावा लागेल. तुमचे वाक्य तिच्या वकिलाने नुसते वाचून दाखवले तरी पुरेल.” शिक्षा दोन वर्षांपर्यंतचा साधा कारावास, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा अशी आहे, हेही सांगितले. मी त्यांना घाबरवत नव्हते. जे आहे ते सांगणे माझे काम होते.

ते म्हणाले की रागाच्या भरात लिहिले. मी त्यांना ते वाक्य तिच्यासमोर मोठ्याने वाचण्याची विनंती केली. हे कोणत्याही प्रक्रियेत बसत नाही आणि मी ते पूर्वी कधी केलेले नाही, पण लिहिताना समोर न दिसलेला माणूस वाचताना समोर असावा, असे मला तीव्रतेने वाटले. ती आत आली. त्यांनी कागद डोळ्यांसमोरून थोडा डावीकडे, मग थोडा उजवीकडे नेला आणि ‘कोळीवाड्यातल्या’ या शब्दावर ते थांबले. पुढचे त्यांना वाचता आले नाही.

तिने तो कागद फिरवण्याचा प्रकार पाहिला होता. “काका, तुम्हाला कडेचे दिसत नाही का?” तिने विचारले. तिच्या आत्यालाही काचबिंदू होता. त्यांनी मान हलवली. मग तिने स्वतःचा संदेश काढला आणि तोही मोठ्याने वाचायला घेतला. ‘दृष्टीच आता’ इथवर आल्यावर तिचा आवाज बदलला. ठाऊक असते तर असे लिहिले नसते, असे ती म्हणाली. “पण ते एकोणतीस जण हसले तेव्हा मला बरे वाटले होते, तेही खरे आहे,” असेही तिने सांगितले. इतके प्रामाणिक वाक्य माझ्या कार्यालयात क्वचितच उच्चारले गेले आहे.

नंतर तिने ते छायाचित्र लॅपटॉपवर मोठे करून चोच पडद्याच्या बरोबर मध्यावर आणली. ते खुर्ची पुढे ओढून पडद्याजवळ गेले. दोन-तीन मिनिटे कोणीच बोलले नाही.

“गुलाबी,” ते म्हणाले. “टोक काळे. सहाही मोठेच आहेत.”

त्याच संध्याकाळी त्यांनी गटात दोन वाक्ये लिहिली. पहिल्यात ती नोंद बरोबर असल्याचे आणि दुसऱ्यात कोळीवाड्याबद्दलचे वाक्य आपण मागे घेत असून त्याबद्दल तिची क्षमा मागतो, असे होते. स्वतःच्या आजाराबद्दल त्यांनी काही लिहिले नाही, तिनेही नाही. त्या संदेशाखाली चौघांनी हात जोडले. आधी हसलेल्या एकोणतीस जणांपैकी बाकीचे गप्प राहिले. ती त्या गटात परतली नाही. मात्र नोव्हेंबरात रोहित पुन्हा उतरू लागले, तेव्हापासून दर दुसऱ्या रविवारी ती काकांना ऐरोलीच्या धक्क्यावर घेऊन जाते, कडेचे पक्षी ती मोजते आणि ते समोरचे मोजून दोघांचे आकडे एका वहीत लिहितात.