तुम्ही विचारलंत म्हणून : आधी व्याकरण की आधी अलंकार?

सहावी-सातवीतल्या मुलांचे पालक मला हमखास विचारतात, "इंग्रजी व्याकरण अजून कच्चं आहे, त्यात आता सिमिली, मेटाफर, पर्सॉनिफिकेशन आलंय. आधी काय पक्कं करून घ्यायचं?" माझं उत्तर असं की दोन्ही एकदमच करा, एकाच वाक्यावर करा आणि सुरुवात क्रियापदापासून करा.

'द विंड व्हिस्पर्ड थ्रू द ट्रीज' हे वाक्य घ्या. मुलाला विचारा, यात क्रियापद कोणतं? व्हिस्पर्ड. कुजबुजलं कोण? विंड, म्हणजे वारा. कर्ता सापडला, इथवर व्याकरण झालं. आता आणखी एक प्रश्न : एरवी कुजबुजतं कोण? माणूस. माणसाची क्रिया वाऱ्याला दिली, म्हणून हे पर्सॉनिफिकेशन. मराठीच्या तासाला शिकलेली चेतनगुणोक्तीच ही. मग 'व्हिस्पर्ड' खोडून तिथे 'ब्ल्यू' (blew, म्हणजे वाहिला) लिहा. वाक्याची रचना जशीच्या तशी राहते, अलंकार मात्र गेला. तो कुठे होता हे मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. व्याख्या घोकून हे कधीच साधत नाही, असं माझं ठाम मत आहे.

कर्ता शोधायची हीच सवय 'द बॉक्स ऑफ पेन्सिल्स इज ऑन द टेबल' इथे उपयोगी पडते. मुलं 'इज'च्या जागी 'आर' लिहितात, कारण क्रियापदाला खेटून 'पेन्सिल्स' हे अनेकवचन आलेलं असतं. 'ऑफ पेन्सिल्स'वर बोट ठेवायचं आणि उरलेलं वाक्य वाचायचं. टेबलावर आहे तो बॉक्स, आणि तो एकच. 'शी डझन्ट गोज'चंही तसंच : एकवचनाची खूण 'डझ'ने घेतली, मग 'गो' मूळ रूपातच राहणार.

खरा गोंधळ सिमिलीत, म्हणजे उपमेत होतो. 'लाइक किंवा अ‍ॅज आलं की सिमिली' असं शिकवलं जातं आणि मुलं दिसेल त्या 'लाइक'भोवती गोल करतात. 'आय लाइक म्युझिक'मध्ये 'लाइक' हे साधं क्रियापद आहे. 'ही लुक्स लाइक हिज फादर' ही तुलना आहे खरी, पण सरळ अर्थाची. मुलगा बापासारखा दिसतोच. 'हर स्माइल इज लाइक सनशाइन' यात मात्र हसू आणि ऊन या दोन अगदी वेगळ्या गोष्टी शेजारी आणल्या आहेत, म्हणून ती सिमिली. त्यातलं 'लाइक' काढलं की 'इज' दोन नामांना थेट जोडतं आणि मेटाफर, म्हणजे रूपक तयार होतं. पण मेटाफर दर वेळी 'इज' घेऊन येत नाही. 'द न्यूज क्रश्ड हिम' बघा. बातमी कुणाला चिरडू शकत नाही. इथेही सगळी करामत क्रियापदाचीच. 'हे म्हणजे ते' एवढीच व्याख्या पाठ असलेली मुलं असं वाक्य सोडून पुढे जातात, आणि गोष्टी-कवितांमध्ये तर अशीच वाक्यं जागोजागी भेटतात.

अ‍ॅलिटरेशनला, म्हणजे शब्दांच्या सुरुवातीला तोच ध्वनी पुन्हा येणाऱ्या अनुप्रासाला, क्रियापदाची गरज नाही, तिथे कान हवा. 'सिटी' आणि 'कॅट' ही दोन्ही 'सी' अक्षराने सुरू होतात, पण ध्वनी वेगळे, म्हणून अनुप्रास नाही. 'फोन' पी-एचने सुरू होतो, 'फॅन' एफने, तरी अनुप्रास आहे. मोठ्याने वाचायला लावा.

घरी करून घ्यायचं असेल तर एवढंच करा : 'द रेन फेल ऑन द रूफ' हे वाक्य द्या आणि फक्त क्रियापद बदलायला सांगा. एखादं मूल 'डान्स्ड' लिहील, एखादं 'हॅमर्ड'. मग विचारा, यातला रिमझिम पाऊस कोणता, मुसळधार कोणता, आणि हे तुला कोणत्या शब्दावरून कळलं?