गंगाळातलं पाणी

पवित्र गुरुवार, रात्री

योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय. प्रभू येशू जेवणावरून उठतो, वरची वस्त्रं काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओततो, शिष्यांचे पाय धुऊ लागतो. एकेक कृती सांगितली आहे, घाई कुठेच नाही. आपल्या विधीत मात्र पाय घरूनच धुऊन आलेले असतात आणि बारा जणांचं दहा मिनिटांत उरकतं. कुष्ठरोगानं बधिर झालेल्या एका माणसाच्या पायांना रोज अर्धा तास लागतो. सेवा म्हणजे काय, याचा विचार आज त्या अर्ध्या तासापाशीच थांबतो आहे.

रोग औषधानं बरा होतो. १९८२पासून बहुविध औषधोपचार आहे. सहा किंवा बारा महिने गोळ्या घ्यायच्या, त्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. पण घोट्याच्या आतल्या बाजूनं तळव्याकडे जाणारी नस फार दिवस निकामी राहिली, तर गेलेली जाणीव सहसा परत येत नाही. तळव्याचा घामही थांबतो. कातडी कोरडी पडते, भेगा पडतात, भेगेत माती जाते. दुखत नाही म्हणून माणूस त्याच पायावर चालत राहतो आणि जखम हाडापर्यंत पोचते. रोगानं बोटं झडतात हा समज खोटा आहे. वेल्लोरला शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं, की बोटं जातात ती न कळलेल्या इजांमुळे आणि त्यांत होणाऱ्या जंतुसंसर्गामुळे.

म्हणून पाणी. पसरट घमेलं किंवा टब घ्यावा, त्यात पाऊल पूर्ण बुडेल इतकं साधं पाणी. गरम पाणी अजिबात नको. सगळ्यात मोठी चूक इथेच होते, आणि ती मायेपोटी होते. थंडीत आजोबांना बरं वाटावं म्हणून कुणी कढत पाणी ओततं. पाय भाजतो आणि आजोबांना फोड दिसल्यावर कळतं. वीस ते तीस मिनिटं पाय पाण्यात राहू द्यावेत. मग घट्टे वजरीनं हलक्या हातानं घासावेत, ब्लेड लावू नये. बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसाव्यात, पण तळवा ओलसर असतानाच खोबरेल तेल चोळावं. तेलानं ओलावा आत टिकतो. वाळल्यावर लावलं तर ते वरवर राहतं. पायाला उघडी जखम असेल तर आधी आरोग्यसेवकाला दाखवावं, मग त्याच्या सांगण्याप्रमाणे.

त्यानंतर बघणं. तळव्याखाली आरसा धरून भेग, फोड, रुतलेला काटा शोधायचा. हाताच्या मागच्या बाजूनं दोन्ही पाय चाचपायचे. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम आणि सुजलेला लागला, तर वरून काही दिसत नसलं तरी आत बिघाड आहे असं धरून चालणं बंद करायचं आणि दवाखाना गाठायचा. तळव्याची जखम मलमापेक्षा विश्रांतीनं भरते. मोलमजुरीवर जगणाऱ्याला ‘पंधरा दिवस पाय टेकवू नका’ म्हणणं सोपं आहे. त्या पंधरा दिवसांचं धान्य कोण देणार, हे मंडळीनं आधी ठरवावं. तेही पाय धुणंच आहे.

शुभ शुक्रवार

पेत्र म्हणाला होता, माझे पाय तुम्ही कधीही धुवायचे नाहीत. बधिर पायाचा माणूसही पाय आखडून घेतो. कारण वेगळं असतं: लाज, आणि आयुष्यभर पाहिलेली तोंडं. आधी विचारावं, “मामा, पाय बघू का?” नाही म्हणाले तर शेजारी बसावं. रबरी हातमोजे उघड्या जखमेला लागतात, जसे कुणाच्याही जखमेला लागतात. अखंड कातडीला हात लावताना मोजे घातले तर सगळे गोड शब्द वाया जातात.

आणि पहिल्या आठवड्यानंतर वजरी त्यांच्याच हातात द्यावी. रोज आपणच धुत राहिलो, तर आपण गावाला गेलो त्या दिवशी पाय कोरडे राहतात. हात वाकडे झाले असतील तर वजरीला लांब दांडी बांधून द्यावी, पण काम त्यांचं त्यांना करू द्यावं.

पुनरुत्थानाचा रविवार

उपासनेच्या जागी काय काय सांभाळायचं, त्याकडे फार कमी मंडळ्यांचं लक्ष असतं. सतरंजीवर तासभर मांडी घातली, की घोट्याचं बाहेरचं हाड जमिनीवर दाबलं जातं आणि तिथे जखम होते. बधिर पायाच्या माणसाला खुर्ची द्यावी. उपासनेनंतरचा चहा स्टीलच्या पेल्यात देऊ नये, बधिर बोटं भाजतात. कानाचा जाड कप द्यावा.

उपदेशात ‘पाप हा कुष्ठरोग आहे’ हे वाक्य आता बंद व्हावं. लेवीयच्या पुस्तकात तोच इब्री शब्द कपड्यावरच्या आणि भिंतीवरच्या डागालाही वापरला आहे. तो नेमका आजचा कुष्ठरोग नव्हे. पुढच्या बाकावर बसून ते वाक्य ऐकणाऱ्याला काय वाटत असेल?

राहिली चप्पल. आत मऊ एमसीआर (सूक्ष्म छिद्रांचं) रबर, खाली काटा न शिरणारा कडक तळ, मागे पट्टा, खिळा एकही नाही. सरकारी कुष्ठरोग कार्यक्रमातून ती मोफत मिळते. रबर दबून चपटं झालं की बदलायची, आणि घालण्याआधी रोज आत हात फिरवून खडा बघायचा. हातही बधिर असेल तर डोळ्यांनी. ती दाराशी काढायला लावू नये. मोशेला जोडे काढायला सांगितलं होतं, असं मंडळीतले कुणी वडील म्हणतात. पण एप्रिलमध्ये दारातली फरशी साडेदहालाच तापलेली असते, आणि त्या पायाला ते कळत नाही.