पावती खरी ठरली, आणि अर्ज फेटाळला गेला

अर्जदाराच्या बोलण्यावर विश्वास बसला नाही म्हणून आश्रयाचा अर्ज फेटाळला जातो, हे अमेरिकेतल्या इमिग्रेशन कोर्टात मी पुष्कळदा पाहिले आहे. या अशिलाचा अर्ज मात्र न्यायाधीशांनी त्याच्या शब्दन्‌शब्दावर विश्वास ठेवल्यामुळे फेटाळला गेला.

तो श्रीलंकेतील तमिळ, लहान व्यापारी. 2002 च्या युद्धबंदीनंतर ए-9 रस्ता खुला झाला, तेव्हा त्यावरून माल न्यायचा तर एलटीटीईच्या, म्हणजे ‘तमिळ वाघ’ या सशस्त्र संघटनेच्या, नाक्यावर कर भरल्यावाचून गत्यंतर नव्हते. पुढे वाघांना पैसे पुरवल्याच्या संशयावरून लष्कराने त्याला उचलून नेले आणि त्याचा छळ केला. आम्ही पुराव्यात लावलेली कराची पावती घडीवर फाटत आली होती. तिच्यावर मालाचा प्रकार, गोण्यांची संख्या, रक्कम आणि खाली सही होती. सरकारी वकिलांनी छळाबद्दल जवळजवळ काहीच विचारले नाही. पावती पुढे धरून पैसे कोणाला दिले आणि ते लोक कोण आहेत हे ठाऊक होते का, एवढेच त्यांनी विचारले. दुभाष्यामार्फत उत्तर आले, “ठाऊक होते. तिथे कोणाला ठाऊक नव्हते?”

एलटीटीई 1997 पासून अमेरिकेच्या परकीय दहशतवादी संघटनांच्या यादीत आहे. इमिग्रेशन कायद्याच्या कलम 212 नुसार अशा संघटनेला ‘मटेरियल सपोर्ट’, म्हणजे पैसा, माल किंवा सेवा यांची मदत, देणाऱ्याला प्रवेशबंदी आहे, त्याला आश्रयही मिळत नाही, आणि ती मदत राजीखुशीने केली की धाकापोटी, याचा विचार न्यायाधीशांना करता येत नाही. एल साल्वाडोरमध्ये गनिमांनी पळवून नेऊन जिच्याकडून स्वयंपाक आणि धुणे करून घेतले, त्या बाईचे कामही इमिग्रेशन अपील मंडळाने 2018 मध्ये अशीच मदत ठरवले.

छळविरोधी करारामुळे माझ्या अशिलाला तूर्त परत पाठवता येणार नाही; पण ग्रीन कार्ड नाही, आणि बायकामुलांना बोलावून घेण्याचा मार्गही नाही. धाकापोटी दिलेल्या मदतीसाठी 2007 पासून सूट आहे, परंतु ती न्यायाधीश देऊ शकत नाहीत. ती होमलँड सिक्युरिटी विभागाच्या हातात आहे, आणि तीही देशाबाहेर पाठवण्याचा हुकूम अंतिम झाल्यावर. तिच्यासाठी फॉर्म नाही, मुदत नाही, नकारावर अपील नाही. दहशतवादाला पैसा पुरवणाऱ्यांना रोखलेच पाहिजे, याबद्दल माझे दुमत नाही. पण ज्यांनी समोर बसवून त्याची साक्ष ऐकली, त्यांनाच तिचे वजन करण्याचा अधिकार नसावा, हे मला अन्यायाचे वाटते.

पावती लावायलाच नको होती, असे काही सहकारी म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. नाक्याची हकीकत त्याने पहिल्या मुलाखतीतच सांगितली होती, आणि लष्कराने त्याला का उचलले, हे त्या कराशिवाय सांगताच आले नसते. आता सूट मिळावी म्हणून मी विभागाला पत्र पाठवले आहे आणि त्याला निकालपत्रातील त्याच्या विश्वासार्हतेबद्दलचा परिच्छेद जोडला आहे.