चॅपलमधलं किचन

इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायरमधे सेव्हर्न नदीजवळ डीअरहर्स्ट नावाचं छोटं गाव आहे, तिथलं ओडाचं चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर, बघायला गेले तर आधी डोळ्यात भरलं ते लाकडी चौकटींचं जुनं फार्महाऊस, आणि त्याच्या अंगाला अंग लावून उभी एक दगडी खोली. वाटलं घराचीच कोठीची खोली असेल. पण हीच मूळची, १०५६ ची, घर मागाहून येऊन चिकटलंय.

ओडा हा इथला मोठा सरदार. भाऊ एल्फ्रिक इथेच वारला, त्याच्यासाठी बांधलेलं हे चॅपल, आणि त्याच वर्षी ओडाही गेला. पुढे शेतकऱ्याच्या घराने ते पोटातच घेतलं, मोठ्या खोलीत किचन, गाभाऱ्याकडे झोपायची खोली. १६७५ साली जवळच्या फळबागेत शिलालेख सापडला, त्यावर लॅटिनमधे ‘हा राजेशाही दिवाणखाना ओडाने बांधवला’, चॅपल नाही हं, दिवाणखाना! आणि तो दिवाणखाना म्हणजे शेजारच्या घरातलं किचन हे कळायला आणखी जवळपास २०० वर्षं गेली. इतकी वर्षं तिथे रोज कोणीतरी भांडी घासत असणार.

मोठी खोली साधारण २५ बाय १६ फूट, म्हणजे ४०० स्क्वेअर फूट. गाभारा धरला की झाला आपला वन बीएचके, मधे दरवाजाऐवजी गोल कमान. खिडक्या तर मला फारच आवडल्या, जाड भिंतीत मधोमध अरुंद आणि आत-बाहेर दोन्हीकडे पसरट, आडव्या डमरूसारख्या, म्हणजे भोक एवढंसं पण उजेड पसरून आत येतो. कोपऱ्यात दगड एक उभा लांबडा, एक आडवा चपटा असे आलटून पालटून, फ्रान्समधून नॉर्मन लोक येऊन इंग्लंड जिंकायच्या आधीच्या इंग्रज गवंड्यांची ही खास पद्धत.

आता सगळं साफ केलंय, जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या इंग्लिश हेरिटेज संस्थेकडे आहे, तिकीट नाही. शिलालेख ऑक्सफर्डच्या अ‍ॅश्मोलियन म्युझियममधे, इथे त्याची नक्कल. छानच केलंय, फक्त जरा जास्तच रिकामं वाटलं, नवं घर ताब्यात मिळाल्यावर सामान यायच्या आधी वाटतं तसं. नवरा कमानीचे फोटो काढत होता आणि मी चूल कुठल्या भिंतीला असेल ते शोधत फिरत होते.