ऑइलची माती, संत्र्याची सालं : आठवडा नववा

मागच्या वेळी मी थाटात लिहिलं होतं की ऑइलने खराब झालेली माती सुधारण्यात सालं घातलेल्या डब्याने बाजी मारली. त्यातलं अर्धं आज मागे घेतोय.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात: पार्किंगच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं गाड्यांचं जळकं ऑइल सांडत आलंय. तिथली माती हातमोजे घालून आइस्क्रीमच्या डब्यांत भरली. एक डबा नुसता ठेवला, दुसऱ्यात वाळवलेल्या संत्र्याच्या सालींचा चुरा मिसळला. कल्पना माझी नाही. १९९७ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी पीसीबी (जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलातलं चिवट, विषारी रसायन) मिसळलेल्या मातीत संत्र्याची सालं, निलगिरीची पानं, पाइनच्या सुया घालून पाहिल्या होत्या. त्यांच्या सारखीच, प्रदूषण खाणाऱ्या जीवाणूंची फौज माझ्याही डब्यात जमेल, अशी आशा.

गंमत अशी की जीवाणूकडे असं रसायन तोडणारं विकर (एन्झाइम) बनवायची सोय असते, पण ती उगाच चालू होत नाही. जुन्या डांबरगोळ्यांतल्या नॅफ्थलीनचं उदाहरण घ्या. ते तुटताना सॅलिसिलेट तयार होतं आणि स्यूडोमोनास नावाच्या जीवाणूंमध्ये हेच सॅलिसिलेट पुढची जनुकं चालू करतं. झाडं तर सॅलिसिलिक आम्ल (सॅलिसिलेट याचंच रूप) स्वतःच बनवतात. म्हणजे झाडाचा भाग मातीत घातला तर जीवाणूंची ती कळ दाबली जाईल, हा तर्क. संत्र्याच्या सालीत हे काम लिमोनीन, म्हणजे सालीला वास देणारं द्रव्य, करेल अशी आशा.

आता माझी चूक. डब्यात चुन्याच्या निवळीची वाटी ठेवली होती; जीवाणूंच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने ती दुधाळ होते. सालवाल्या डब्यातली निवळी एका रात्रीत दुधाळ झाली, नुसत्या मातीची दोन दिवस तशीच. मी खूश! मग बागेतली स्वच्छ माती आणि सालं असा तिसरा डबा लावला. त्याचीही निवळी तितक्याच झपाट्याने दुधाळ. म्हणजे कुणीतरी साल खातंय, एवढंच कळलं. ऑइलला कुणी तोंड लावलं का, ते नाही.

म्हणून चौथा डबा: ऑइलची माती आणि रसवंतीवरून आणलेल्या उसाच्या चिपाडाचा चुरा. सेंद्रिय खाद्य आहे, लिमोनीन नाही. ऑइलच्या प्रत्येक डब्यातल्या मातीत मेथीचे २० दाणे टाकले होते, त्यातले किती उगवले याची काल झालेली मोजणी लिहितो. नुसती ऑइलची माती ५, साल ११, चिपाड १०. पाण्याचा थेंब नुसत्या मातीवर अजूनही पाऱ्यासारखा गोल बसतो. साल आणि चिपाड दोन्हींत पाचेक सेकंदांत मुरतो. एका दाण्याच्या भरवशावर लिमोनीनचा जयजयकार कसा करू? (ही मेथी भाजीसाठी नाही, हे घरात दोनदा सांगावं लागलं.)

सालं ताजी आणि भरमसाट घालू नका. पहिल्या खेपेला मी तेच केलं. वर हिरवी बुरशी आणि खाली सगळं सामसूम. लिमोनीन जास्त झालं की जीवाणूंनाच मारतं. शिवाय साल कुजताना मातीतलं नत्र ओढून घेते, त्यामुळे आता चिमूटभर युरिया साल आणि चिपाड या दोन्ही डब्यांत सारखाच टाकतो.

पुढच्या फेरीत शेपूचं बी कुटून घालणार, त्यात लिमोनीनच्या नात्यातलं कार्व्होन असतं. आणि वाळुंजाची साल मिळाली तर तीही, सॅलिसिलिक आम्लाच्या नात्यातल्या सॅलिसिनसाठी. नदीकाठी गळून पडलेल्या फांद्या कुणाला दिसल्या तर कळवा, झाड सोलायचं नाहीये.