निळी टकली

मिरग तोंडावर आला म्हणून परवा दुपारी माळ्यावर चढलो. शेणी एका बाजूला, सोडणांचा ढीग दुसऱ्या बाजूला, आणि फुटक्या पेट्रोमॅक्सच्या मागे, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, टीव्हीपुढे लावायचा तो प्लॅस्टिकचा पडदा. वर निळा, मध्ये नारिंगीसर, खाली हिरवा. ज्यांच्या घरी होता त्यांना जास्त सांगायला नको.

1982 साली दूरदर्शन रंगीत झालं. आमच्या वाडीत रंग आला तो त्यानंतर तीन-चार वर्षांनी, चाकरमानी काकांच्या पिशवीतून, दोन हुकांसकट. टीव्ही कृष्णधवलच. अँटेना माडाला बांधलेली, वारा सुटला की पडद्यावर मुंग्या. पण काकांनी ते प्लॅस्टिक अडकवलं आणि अख्खी वाडी "ओ हो हो" म्हणाली. समुद्र दाखवला तर सगळं झकास: आकाश निळं, मधे संध्याकाळ. पाणी तेवढं हिरवं. माणसं आली की घोटाळा. उभ्या माणसाचं डोकं निळं, पोट नारिंगी, पाय हिरवे. नट जिना उतरायला लागला की पायरीपायरीला त्याचा रंग बदलायचा.

आजीला हिंदी कळत नसे. रविवारच्या सिनेमाचा अर्थ ती रंगांवरून लावायची, कारण तिची सवय दशावताराच्या नाटकांची. राक्षस येणार तो तांबड्या तोंडाचा, शंकासुर काळा आणि त्याची ती लालभडक जीभ, देव निळसर. संवाद ऐकू आला नाही तरी देवळामागच्या शेवटच्या रांगेला कोण कुठला ते कळलं पाहिजे. त्या हिशेबाने आमचा टीव्ही बघून ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "सगळ्यांचीच टकली निळी? सगळेच किस्न?" खलनायकाने नायिकेचा हात धरला तेव्हा तर तिचा विश्वासच उडाला. किस्न असा करता?

आता वाटतं, आजीला कुरोसावाचा 'रान' सिनेमा दाखवायला हवा होता. 1985 सालचा, जपानी. म्हाताऱ्या राजाचे तीन मुलगे, थोरल्याचा रंग पिवळा, मधल्याचा तांबडा, धाकट्याचा निळा. सैन्यंही त्याच रंगांच्या निशाणांची. डोंगरावर मुंग्यांएवढे घोडे धावतात तरी कोण कोणावर चालून जातंय ते चुकत नाही. आणि तिघांत प्रामाणिक निघतो तो निळाच. आजीने मान डोलावली असती.

'मुगल-ए-आझम' 1960 चा, बराचसा कृष्णधवल, शीशमहालातलं गाणं मात्र रंगीत. अनारकली बादशहासमोर बेधडक उभी राहते तिथेच रंग भरून येतो. पुढे 2004 साली सगळाच सिनेमा रंगवून पुन्हा लावला. हेच काम आमचा पडदा वीस वर्षं आधी करत होता, आडव्या पट्ट्यांत.

इटलीच्या अंतोनिओनीने 1964 च्या 'रेड डेझर्ट'साठी म्हणे झाडं, गवत रंगवून घेतलं, बाईच्या मनातली मरगळ बाहेर दिसावी म्हणून. आमच्याकडे आषाढात हे करून बघावं. शॉट लागेपर्यंत सगळा रंग वहाळात.

हल्ली झाडं रंगवावी लागत नाहीत, सगळं संगणकावर होतं. माणसाची कातडी पडते नारिंगीकडे झुकणारी, म्हणून मागचं सगळं निळसर हिरवं करायचं. चेहरा उठून दिसतो. कळलं. पण त्यापायी कोकणाचा जो एकच एक हिरवा करून ठेवतात, त्याची मला चीड आहे. भाताच्या तरव्याचा पोपटी वेगळा, फणसाच्या पानाचा काळपट वेगळा, गडग्यावरच्या शेवाळाचा तर मखमलीसारखा. आणि चिरा! खाणीतून नुकता काढलेला जांभा गुलाबी-पिवळट असतो. मग वारा-ऊन खाऊन तांबडा होतो, काळवंडतो, आणि पहिल्या सरीत भिजला की जवळजवळ काळा. पडद्यावर बघावं तर बारा महिने विटकरी.

'किल्ला' या मराठी सिनेमात मात्र पाऊस करडाच राहिला. अविनाश अरुण यांनी दिग्दर्शन केलं आणि कॅमेराही स्वतःच धरला, असेल त्यामुळे. नव्या गावात आलेल्या पोराचं एकटेपण त्या करड्यात असं मुरलंय की त्याला फार बोलावं लागत नाही. त्यातली आई विधवा आहे. नोकरी करते, बदलीवर येते. पांढरं नेसून वावरत नाही.

आमच्या टीव्हीवरच्या आया नेसायच्या. हिंदी सिनेमात पांढरी साडी दिसली की बाप गेला, सांगायची गरज नाही. आजीलाही ती खूण शिकवावी लागली नव्हती.

एका रविवारी अशीच एक आई देवासमोर बसली होती. कॅमेरा लांब, बाई अगदी तळाला. अख्खीच्या अख्खी हिरव्या पट्ट्यात. पदर, निऱ्या, सगळं हिरवंगार, लग्नातल्यासारखं. आम्ही पोरं खिदळलो. आजी हसली नाही. वाती वळणारा हात थांबवून बघत राहिली. मग आपल्या पांढऱ्या लुगड्याचा पदर नीट करत हळूच म्हणाली, "बरी दिसता."

तेवढ्यात दार वाजलं, बाई उठून पुढे आली. हिरवं खाली राहिलं.

"अगो," आजी टीव्हीला म्हणाली, "कित्याक उठलंस?"