सरकारी कॉलेजच्या इमारतीत लीन आणायचं तर

सरकारी कॉलेजच्या बांधकामात लीन (वेळ, सामान वाया न घालवता सगळ्यांनी मिळून काम आखायची पद्धत) आणायचं म्हटलं की आक्षेप ठरलेला: निविदा बी-१ नाहीतर बी-२ या सरकारी नमुन्यातली, ठेकेदार येणार नकाशे झाल्यावर, मग सगळ्यांनी एकत्र बसून डिझाइन करायचं कधी? आक्षेप खरा आहे. पण ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल यांची ‘लास्ट प्लॅनर’ पद्धत (प्रत्यक्ष काम करून घेणाऱ्यांनीच आठवड्याचे वायदे द्यायचे) आहे त्या निविदेतही चालते.

वसतिगृहाचा एक स्लॅब घ्या. सेंट्रिंग झालं, सळई बांधली, पण कंड्युट (विजेच्या तारांच्या नळ्या) टाकायला माणूस नाही, कारण सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विद्युत विभागाची निविदा वेगळी आणि ती अजून उघडलेलीच नाही. ठेकेदाराच्या सेंट्रिंगच्या प्लेटा अडकून पडतात. शेवटी कुणीतरी “भरून टाका” म्हणतं. पुढे पंख्याच्या पॉइंटसाठी स्लॅबच्या तळाला झिरी मारतात आणि सळईवरचं काँक्रीटचं २० मिमी कव्हरच उडवतात.

ही अडचण सहा आठवडे आधी दिसायला हवी. त्यासाठी पुढच्या सहा आठवड्यांच्या प्रत्येक कामाला सात गोष्टी विचारायच्या: नकाशा, सामान, माणसं, यंत्र, जागा, आधीचं काम, परवानगी. एकही अडली असेल तर ते काम आठवड्याच्या यादीत घ्यायचं नाही. अडथळ्यापुढे माणसाचं नाव आणि तारीख हवी. ‘विभागाकडे प्रलंबित’ हे कुणाचंच नाव नाही.

आठवडी बैठकीला सेंट्रिंगचा आणि सळईचा मुकादम हवाच. साइट इंजिनिअरने त्यांच्या वतीने दिलेला शब्द टिकत नाही. वायदा असा हवा: “जिन्याच्या पूर्वेचा भाग, सळई बांधून शुक्रवारी दुपारी तपासणीला तयार.” २० वायद्यांपैकी १३ पुरे झाले तर ६५ टक्के. नव्वद टक्के झालेल्या कामाला शून्य, कारण पुढच्या टोळीला तिथे शिरता येत नाही. सुरुवातीला आकडा निम्म्याच्या आसपास आला तरी दचकू नका.

घोळ होतो तो पुढे. हा आकडा आढावा बैठकीत जातो, त्यावरून नोटीस निघते, आणि ठेकेदार सोपेच वायदे द्यायला लागतो. मग फळ्यावर ९५ टक्के आणि इमारत जागच्या जागी. आकडा साइटच्या भिंतीवरच राहू द्या. वर पाठवायची ती चुकलेल्या वायद्यांची कारणं. चार आठवड्यांत तेच कारण पुन्हा पुन्हा आलं तर ते बहुधा कार्यालयातलं असतं.

एका स्लॅबपासून पुढच्या स्लॅबपर्यंतचं चक्र लहान करायच्या नादात प्रॉप (खालचे टेकू) मात्र लवकर काढू नका. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबला ७ दिवस, त्याहून मोठ्याला १४, ६ मीटरवरच्या बीमला २१. हे आकडे ओपीसीचे (साध्या पोर्टलंड सिमेंटचे) आहेत; पीपीसी (पोझोलाना मिसळलेल्या) सिमेंटला मुदत वाढते.

पुढच्या अंदाजपत्रकात स्लॅबमधले कंड्युट स्थापत्याच्याच निविदेत धरा. बैठकीची हजेरीही निविदेच्या अटींतच घाला. कार्यारंभ आदेशानंतर मागितली तर ठेकेदार तिचे जादा पैसे लावायला मोकळा.